भातखाचरासाठी दहापट भिंग: खिशात असायलाच हवं

माझी कर्जतकडे भातशेती आहे. यंदाच्या खरिपात २१ मिलिमीटर काचेचं, दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घेऊन खाचरात फिरले. पाचपैकी साडेचार तारे.

भात पोटरीत आलं आणि चुडाच्या, म्हणजे भाताच्या एका ठोंबाच्या, बुंध्याशी बारीक हिरवं-काळं काही पळताना दिसलं, की आमच्याकडे 'तुडतुडे पडले', म्हणजे भाताचा रस शोषणारी कीड आली, म्हणून लगेच पाठीवर फवारणीचा पंप चढतो. पण त्यात मिरिड ढेकूणही असतो, तुडतुड्यांचा वैरी. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव, नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा कसा? भिंगाखाली त्याच्या लांब मिशा लगेच दिसतात. तुडतुड्याच्या अगदी आखूड, डोळ्याखाली केसासारख्या. मिशांनी खोडाभोवतीचं पानाचं आवरण चाचपत मिरिड थांबतो, सोंड खुपसतो आणि आतलं तुडतुड्याचं अंडं शोषेपर्यंत हलत नाही. दिवसाला अशी ७ ते १० अंडी फस्त करतो. फवारणीत हा मरतो, आवरणातली अंडी वाचतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. इंडोनेशियाने १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली ती याच अनुभवातून.

अळीने गुंडाळलेली पानंही उलगडून बघा. एकात अळीच्या जागी लालसर, काळ्या डोक्याचा सडपातळ भुंगेरा निघाला. तो अळी खायलाच आत शिरलेला. तुरतुरीत, पण भिंगात नीट मावला.

कोळ्यांना मात्र हे भिंग पुरत नाही. ते इंचभर अंतरावर धरावं लागतं, तोवर लांडगा कोळी पाण्यावरून धावत पसार. त्याला पारदर्शक डबीत घ्या. मग पाठीवरची दुबेळक्यासारखी खूण आणि मादीच्या मागे चिकटलेली अंड्यांची पिशवी दिसते. पानाच्या लांबीत पाय ताणून पडलेला लांब जबड्याचा कोळी जागेवरच निवांत पाहता येतो.

अर्धा तारा कापला तो भिंगाला बसवलेल्या दिव्यासाठी. पावसाळी हवेत तो लवकरच बंद पडला, आणि दिवसाउजेडी त्याची गरजही नाही. बिनदिव्याचं मिळालं तर तेच घ्या. प्लॅस्टिकचं नको, चिखलाच्या हाताने पुसलं की ओरखडे पडतात. कडीला लाल दोरी बांधून गळ्यात अडकवा, खाचरात पडलं तर शोधणं कठीण.

आणि चुडामागे ५ ते १० तुडतुडे मोजल्याशिवाय पंपाला हात लावू नका.