दोन ग्राफिक्स कार्डांचा मदरबोर्ड: स्लॉटची लांबी बघू नका, लेन मोजा

मदरबोर्डवर तीन लांबलचक स्लॉट दिसले की दोन ग्राफिक्स कार्डांची सोय झाली, असं बरेच जण धरून चालतात. गिगाबाइटचा बी६५० ऑरस एलिट एएक्स बघा. एकच कार्ड लावायचं असेल तर चांगला बोर्ड, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या तीन लांब स्लॉटपैकी फक्त वरच्याला सोळा लेन, म्हणजे डेटाच्या ये-जा करायच्या सोळा वाटा, आहेत. खालच्या दोघांना पीसीआयईच्या (या स्लॉटच्या मानकाच्या) ३.० आवृत्तीची एकेक लेन, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ जीबी. एमएसआयच्या मॅग बी६५० टॉमाहॉकमध्ये खालच्या स्लॉटला ४.०च्या, म्हणजे प्रत्येकी दुप्पट वेगाच्या, दोन लेन मिळतात. दोन्ही बोर्डांत दुसरं कार्ड बसेल, पंखे फिरतील, विंडोजला कार्ड दिसेलही. काम मात्र तिथेच अडेल.

दोन कार्डं मुळात कशाला हवीत, हे आधी ठरवा. एसएलआय आणि क्रॉसफायर, म्हणजे दोन कार्डांनी आळीपाळीने फ्रेम काढायची जुनी पद्धत, नव्या गेमसाठी संपली आहे. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१पासून एसएलआयची नवी प्रोफाइल, म्हणजे ड्रायव्हरमधली गेमागणिक जुळणी, देणं थांबवलं. आरटीएक्स ३०९०वर दोन कार्डं जोडणारा एनव्हीलिंकचा कनेक्टर तरी होता, ४०९०वर तोही नाही. एएमडीने २०१९च्या आरएक्स ५७००पासूनच क्रॉसफायर सोडलं. आणि ही पद्धत जोरात होती तेव्हाही ८ जीबीच्या दोन कार्डांचे १६ जीबी होत नसत. दोन्ही कार्डांत तोच माल भरलेला असे. तेव्हा ‘आता एक घेतो, पुढच्या दिवाळीला दुसरं टाकून फ्रेम दुप्पट करतो’ असा बेत असेल, तर बोर्डावर जास्तीचे पैसे घालू नका. ते पैसे एकाच मोठ्या कार्डात घाला.

आज गेमिंगमध्ये दुसऱ्या कार्डाला खरं काम देणारी गोष्ट म्हणजे लॉसलेस स्केलिंग हा स्टीमवर मिळणारा छोटा प्रोग्राम. मोठं कार्ड गेम चालवतं आणि छोटं कार्ड मधल्या फ्रेम तयार करतं. मॉनिटरची केबल छोट्या कार्डाला लावायची. म्हणजे मोठ्या कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम बोर्डावरून दुसऱ्या कार्डापर्यंत जायला हवी, आणि बोर्डाची कसोटी इथेच लागते.

हिशेब सोपा आहे. ४केची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट: साधारण ३३ एमबी. सेकंदाला अशा ६० फ्रेम पाठवायच्या तर २ जीबी आणि १२० पाठवायच्या तर ४ जीबी. १४४०पीची (२५६० गुणिले १४४० पिक्सेल) फ्रेम साधारण १५ एमबीची, म्हणजे १२० फ्रेमना १.८ जीबी. आता स्लॉट बघा. ३.०च्या चार लेनमधून कागदावर सेकंदाला ३.९ जीबी जातात, प्रत्यक्षात त्याहून कमी. १४४०पीला तेवढं पुरतं. ४केला १२० फ्रेम हव्या असतील तर ४.०च्या चार किंवा ३.०च्या आठ लेनपासून सुरुवात करा. एक लेनवाल्या स्लॉटची वाट १४४०पीच्या ६० फ्रेममध्येच भरते. गंमत म्हणजे अशा वेळी दुसऱ्या कार्डाचा वापर कमीच दिसतो, म्हणून लोक बोर्ड सोडून ड्रायव्हरमध्ये दोष शोधत बसतात.

एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांच्या एएम५ सॉकेटवर या कामासाठी आमची पहिली पसंती असुसच्या प्रोआर्ट बी६५०-क्रिएटरला. याचे वरचे दोन मोठे स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले आहेत. एक कार्ड असेल तर सोळा लेन, दुसरं लावलं की आपोआप आठ-आठ, सगळ्या ४.०च्या. रायझन ७००० आणि ९०००च्या प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी सोळाच लेन असतात. त्यांची वाटणी करायला बोर्डावर वेगळ्या स्विच चिप बसवाव्या लागतात, आणि स्वस्त बोर्डांत त्याच वगळतात. त्यामुळे हा बोर्ड साध्या बी६५०पेक्षा महाग आहे, पण फरक नेमका हव्या त्या जागी पडलाय. मोठं कार्ड सोळाऐवजी आठ लेनवर चालल्याने गेममध्ये फार तर काही टक्के फ्रेम कमी होतात, कारण ४.०च्या आठ लेन म्हणजे ३.०च्या सोळा.

त्याचा थोरला भाऊ प्रोआर्ट एक्स६७०ई-क्रिएटर. आठ-आठ लेनची वाटणी इथेही आहे, तीही ५.०ची. शिवाय १० गिगाबिट नेटवर्क आणि दोन यूएसबी४. नुसत्या गेमिंगसाठी हा खर्च पटत नाही. व्हिडिओ एडिटिंगही करणार असाल तर गोष्ट वेगळी. नवा प्रोआर्ट एक्स८७०ई-क्रिएटर घेताना एक लक्षात ठेवा: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी घातली की दुसऱ्या ग्राफिक्स स्लॉटच्या आठपैकी चार लेन जातात. तो एम.२ रिकामा ठेवा.

मॉडेलच्या पहिल्या अक्षरावर जाऊ नका. एएमडीकडे बी५५० आणि बी६५०वर वाटणीला परवानगी आहे, बी४५०वर नाही. उलट एक्स६७० लिहिलंय म्हणून वाटणी असेलच असंही नाही. बोर्ड बनवणाऱ्याने स्विच बसवलेत की नाही, यावर सगळं आहे. इंटेलकडे झेड६९० आणि झेड७९०वर आठ-आठ करता येतं, बी६६० आणि बी७६०वर येत नाही. कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये ‘एक्स१६ किंवा एक्स८/एक्स८’ असं लिहिलेलं नसेल तर वाटणी नाही, असं समजा.

एएम५वर स्वस्तातला मार्गही आहे: चिपसेटकडून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडून, ४.०च्या चार लेन मिळणारा दुसरा स्लॉट. १४४०पीसाठी चालून जातं. पण चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ताच मुळी चार लेनचा, आणि त्यावर चिपसेटच्या एसएसडी, यूएसबी, नेटवर्क सगळ्यांची वर्दळ. म्हणून गेम ज्या एसएसडीवर आहेत ती प्रोसेसरला जोडलेल्या, म्हणजे बहुतेक बोर्डांत सर्वांत वरच्या एम.२मध्ये घाला. आणि दुसरं कार्डही ४.०चंच हवं. तिथे जुनं जीटीएक्स १६६० लावलंत तर ते ३.०वर चालतं आणि वेग निम्मा होतो.

प्रोसेसरचीही एक मेख आहे. रायझन ७ ८७००जी ग्राफिक्स स्लॉटला आठच लेन देतो, ८५००जी तर चारच. असा प्रोसेसर बसवला तर महागड्या बोर्डावरची आठ-आठची वाटणी वाया जाते.

लेन जुळल्या की अंतर मोजा. दोन शेजारच्या स्लॉटमध्ये, म्हणजे एका घराला, २०.३२ मिलिमीटर असतात. दोन मोठ्या स्लॉटमध्ये तीन घरांचं अंतर असेल आणि वरचं कार्ड दोन घरं जाड असेल, तर पंख्यांसमोर जेमतेम २ सेंटीमीटर फट उरते. तीन घरं जाडीचं कार्ड असेल तर फट उरतच नाही आणि वरचं कार्ड खालच्याच्या पाठीवरची गरम हवा ओढत बसतं. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत हे चालणार नाही. म्हणून छोटं कार्ड खाली लावा, तेही एका पंख्याचं, कमी जाडीचं. कॅबिनेटच्या तळाला हवा आत घेणारा पंखा हवा. खालचं कार्ड फ्रंट पॅनल आणि यूएसबीच्या पिनांवर टेकतं का, तेही आधी बघा. बोर्डाच्या तळाशी सरळ उभ्या राहणाऱ्या कनेक्टरने अनेकांचा बेत मोडतो.

वीज. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत मिळतात, त्यातले ६६ पर्यंत १२ व्होल्टवर. दोन कार्डांचा हा सगळा करंट २४ पिनच्या कनेक्टरमधल्या दोनच पिवळ्या तारांतून बोर्डात येतो. ढिला कनेक्टर किंवा जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असेल तर याच दोन पिना काळ्या पडतात. काही बोर्डांवर स्लॉटजवळ जादा वीज घेणारा कनेक्टर असतो, तो रिकामा ठेवू नका. पण प्रोआर्ट एक्स६७०ईवरचा सहा पिनचा कनेक्टर त्यातला नव्हे. तो पुढच्या यूएसबी-सीवरून ६० वॅट चार्जिंग मिळावं म्हणून आहे. मोठ्या कार्डाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलच्या दोन तोंडांवर दोन कार्डं चालवू नका.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना बोर्ड बघत असाल तर असुसचा प्राइम एक्स४७०-प्रो आणि गिगाबाइटचा झेड३९० ऑरस प्रो, दोन्ही ३.०वर आठ-आठ देतात. एमएसआयच्या बी४५० टॉमाहॉकवर क्रॉसफायर चालतं असं कंपनी सांगायची, आणि ते खरंही आहे, पण दुसरा स्लॉट २.०च्या चार लेनचा, म्हणजे सेकंदाला २ जीबी. क्रॉसफायर चार लेनवर चालायचं. एसएलआयला आठ लेन आणि बोर्डाला एनव्हिडियाचा परवाना लागायचा. म्हणून बोर्डावरचं ‘एसएलआय’ हे प्रमाणपत्र ‘क्रॉसफायर’पेक्षा आजही जास्त भरवशाचं. इंटेलच्या जुन्या बोर्डात सॉकेटच्या पिना बोर्डावरच असतात, तेव्हा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून एखादी वाकलीय का बघा. वाकलेल्या पिनेपायी कधी कधी नेमक्या ग्राफिक्सच्याच लेन कमी होतात.

जोडणी झाली की बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ हा पर्याय चालू करा. विंडोज ११च्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स इथे जाऊन मोठं कार्ड निवडा, नाहीतर केबल लावलेलं छोटं कार्डच गेम चालवू लागेल. मग जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बस इंटरफेसची ओळ बघा. तिथे ‘एक्स८ १.१’ दिसलं म्हणून घाबरू नका, कार्ड निवांत असताना वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट सुरू करा, आकडा ४.०वर चढेल. चढलाच नाही, किंवा आठऐवजी चार लेन दिसल्या, तर मशीन बंद करून कार्ड काढा, सोनेरी पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा आणि खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवा. खालच्या कार्डाचं हे जास्त होतं, कारण कॅबिनेटला स्क्रू आवळताना त्याचं मागचं टोक किंचित उचललं जातं.