थेट डेमो की आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ?

सायबर सुरक्षेच्या परिषदेत हल्ला मंचावर थेट करून दाखवावा की त्याचा व्हिडिओ लावावा? लास वेगासच्या ब्लॅक हॅट या अशाच परिषदेत २०१० साली सुरक्षा संशोधक बार्नबी जॅकने मंचावर दोन एटीएम उभी केली आणि ती हॅक करून त्यांतून नोटा बाहेर काढून दाखवल्या. थेट डेमोचं बळ हेच, शंकेला जागा उरत नाही.

पण तयारी कसून हवी. सभागृहाच्या वाय-फायवर विसंबू नका. हल्ला करणारी आणि झेलणारी, दोन्ही व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) एकाच लॅपटॉपवर होस्ट-ओन्ली नेटवर्कमध्ये, म्हणजे त्या लॅपटॉपपुरत्याच नेटवर्कमध्ये ठेवा, आपोआप होणारे अपडेट बंद करा, हल्ल्याच्या अगदी आधीचा स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची जतन केलेली प्रत) घेऊन ठेवा. एक्स्प्लॉइट, म्हणजे त्रुटीचा फायदा घेणारा कोड, रेस कंडिशनवर (दोन क्रियांत आधी कोणती घडते यावर निकाल ठरण्याच्या त्रुटीवर) बेतलेलं असेल तर ते दर वेळी लागू पडेलच असं नाही, आणि मंचावर रीबूटची दोन मिनिटंही फार लांबतात.

ब्लूटूथ किंवा वाय-फायवरचा हल्ला असेल तर व्हिडिओच बरा. फोनांनी भरलेल्या सभागृहात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तुंबलेला असतो; शिवाय प्रेक्षकातल्या कुणाचं उपकरण तडाख्यात सापडू शकतं, ते तर अजिबात चालणार नाही. व्हिडिओ मात्र सलग हवा. मधे कट दिसला की विश्वास गेला.

इतर ठिकाणी आमचं मत थेट डेमोलाच, व्हिडिओ लॅपटॉपमध्ये तयार ठेवून. दुसरा प्रयत्नही फसला तर तिसरा करू नका, सरळ व्हिडिओ लावा.