खोक्यावर १२०, थ्रीडीत ६०

टाइप-सी केबलने लॅपटॉपला जोडायचा व्हिडिओ चष्मा आहे हा. दोन्ही डोळ्यांसमोर १९२० बाय १०८०चे वेगवेगळे पडदे, रंग झकास, काळा खरोखर काळा. खोक्यावर ठळक '१२० हर्ट्झ' (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं होणं, हाच रिफ्रेश रेट) छापलंय आणि टूडीत ते मिळतातही. पण मी तो घेतला थ्रीडीसाठी. बटण दाबून धरलं की डिस्प्ले सेटिंगमध्ये ३८४० बाय १०८० येतं आणि रिफ्रेश रेटच्या यादीत एकटा ६० उरतो. हे बारीक अक्षरांतसुद्धा कुठे लिहिलेलं नाही, याचा राग जास्त.

हिशेब तसा सरळ आहे. टूडीत दोन्ही डोळ्यांना एकच चित्र जातं. थ्रीडीत दोन चित्रं शेजारीशेजारी एकाच फ्रेममध्ये बसवतात. रुंदी दुप्पट, वेग निम्मा. दोन्हीकडे सेकंदाला साधारण २५ कोटीच पिक्सेल.

आता ६० म्हणजे वाईट असं नाही. जुन्या शटर चष्म्यांत १२० हर्ट्झचा मॉनिटर लागायचा आणि एकेक डोळा आळीपाळीने झाकून प्रत्येकाच्या वाट्याला ६०च यायचे, वर डोळ्यांसमोर लुकलुक. इथे दोन्ही डोळ्यांना चित्र एकाच वेळी मिळतं, त्यामुळे ती लुकलुक नाही आणि एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात सांडत नाही. गेम खेळायला ६० पुरतात. प्रत्येक दृश्य दोनदा काढताना माझ्या लॅपटॉपचा पंखा आधीच बोंबलत असतो.

घोळ सिनेमात आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि ६०ला २४ने पूर्ण भाग जात नाही. मग एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा. कॅमेरा इमारतींवरून संथ सरकतो तेव्हा खिडक्यांच्या उभ्या कडा ठेचकाळत जातात, आणि थ्रीडीत मला ते जास्तच खुपतं. मला १२० नकोच होते हो, ७२ दिले असते तरी प्रत्येक फ्रेम नेमकी तीनदा दिसली असती.

आणखी एक गंमत: सिनेमा थांबवून थ्रीडीतच डेस्कटॉपवर आलात की डावा अर्धा डाव्या डोळ्यात, उजवा अर्धा उजव्यात. कोपऱ्यातलं घड्याळ एकाच डोळ्याला दिसतं आणि माउसचा बाण मध्यावर आला की डोळा बदलतो. डोकं भणभणतं. आधी टूडीत या, मग काय ते करा.

थ्रीडी सिनेमांसाठीच घेणार असाल तर दुकानदाराला थ्रीडी मोडचा आकडा वेगळा विचारा, ७२ किंवा १२०सारखा २४ने पूर्ण भाग जाणारा असेल तरच घ्या. माझ्याकडून पाचपैकी तीन.