एनआरजीआर आणि फॉर्म: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांचं गतिगणित फाइनमन आकृत्यांनी (कणांच्या देवघेवीचं गणित मांडणाऱ्या चित्रांनी) काढायची ही पद्धत, म्हणजे एनआरजीआर (नॉन-रिलेटिव्हिस्टिक जनरल रिलेटिव्हिटी), भौतिकशास्त्रज्ञ गोल्डबर्गर आणि रोथस्टाइन यांनी २००४ साली मांडली. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी करून कुणी सापेक्षतेकडे वळत असेल, तर आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आणि फुकट मिळणारा फॉर्म (लांबलचक बीजगणित करणारा संगणक प्रोग्रॅम) एवढ्यावर बरीच मजल मारता येते.

सुरुवात मात्र कोल-स्मोल्किन चलांनीच (मेट्रिक तीन भागांत मांडायच्या पद्धतीनेच) करा. मेट्रिकचा, म्हणजे अवकाश-काळाची अंतरं ठरवणाऱ्या राशीचा, सरळ विस्तार केला, तर पहिल्याच पोस्ट-न्यूटोनियन पायरीवर (न्यूटनच्या नियमाला सापेक्षतेची पहिली दुरुस्ती) तीन ग्रॅव्हिटॉनांचा, म्हणजे गुरुत्वाच्या कणांचा, व्हर्टेक्स (आकृतीतला जोडबिंदू) येतो आणि त्याची पदं आवरत नाहीत. मेट्रिक अदिश फाय, सदिश ए आणि टेन्सर सिग्मा असं विभागलं की या पायरीवर तो व्हर्टेक्स लागतच नाही. दोन कृष्णविवरांच्या वेगांच्या बिंदुगुणाकाराचा सहगुणक बघा: ए-च्या देवघेवीतून −४, फायच्या प्रोपगेटरमधल्या (आकृतीत दोन टोकं जोडणाऱ्या रेषेच्या पदातल्या) कालविकलनाच्या दुरुस्तीतून +१/२. बेरीज −७/२. आइन्स्टाइन-इन्फेल्ड-हॉफमन यांचा १९३८ चा आकडा वहीच्या एका पानात हाती येतो, आणि हे खरोखर सुंदर आहे. जी-वर्गाच्या (जी म्हणजे गुरुत्व स्थिरांक) पदात आकृतीच्या सममितीचा १/२ गुणायचा राहून गेला की ते पद दुप्पट होतं. तिथे दोनदा तपासा.

फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मितीची. अवकाशाची मिती डी आहे असं फाइलच्या सुरुवातीला सांगितलं नाही, तर तो ४ धरतो. डेल्टाचा ट्रेस (एकक मॅट्रिक्सच्या कर्णाची बेरीज) ४ येतो, एरर काही येत नाही. डी-ची किंमत ३ अगदी शेवटी घाला. तिसऱ्या पोस्ट-न्यूटोनियन पायरीवर १/एप्सिलॉन येतात (एप्सिलॉन म्हणजे डी आणि ३ मधला फरक). आधीच ३ घातले, तर त्यांना गुणणारी एप्सिलॉनची पदं उडतात आणि सांत भाग चुकतो. मोठ्या पदावल्या फॉर्म डिस्कवर ठेवतो, म्हणून रॅमपेक्षा डिस्क मोकळी हवी. पावसाळ्यात इथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा चेकपॉइंट (अर्धवट काम साठवून तिथून पुढे चालवायची सोय) चालू ठेवा.

दुसऱ्या पोस्ट-न्यूटोनियन पायरीवर त्वरणं येतात. त्वरण एकदाच आलेल्या पदात गतिसमीकरण घालणं म्हणजे निर्देशांक बदलणंच, ते चालतं. त्वरणाच्या वर्गाला तसं करू नका. उत्तर वर्तुळाकार कक्षेच्या बंधन-ऊर्जेतल्या याच पायरीच्या सहगुणकावर तपासा: −२७/८ + १९न्यू/८ − न्यू-वर्ग/२४ (न्यू म्हणजे दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांच्या बेरजेचा वर्ग). न्यू शून्य ठेवून फक्त श्वार्ट्झशिल्डशी (एकट्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या उत्तराशी) जुळवलं, तर मधल्या पदातली चूक सापडत नाही.