एकाच खोलीचे पैसे दोनदा

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात एका विद्यापीठात मी पदार्थविज्ञान शिकवते. इथे येऊन तिसरं वर्ष झालं. गेल्या वर्षी चुसोकच्या सुट्टीत आईला घेऊन जेजू बेटावर जायचं ठरवलं होतं, आणि त्या सहलीच्या बुकिंगमध्ये एका रात्रीत माझे ९ लाख ६१ हजार वॉन गेले, म्हणजे साधारण साठ हजार रुपये. सुरक्षित पेमेंटनेच व्यवहार करायचा हा आग्रह माझाच होता, आणि मला फसवायला तोच आग्रह वापरला गेला. कोरियात शिकायला, शिकवायला, नोकरीला येणाऱ्या मराठी माणसांची संख्या आता बरीच आहे. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

चुसोक हा इथला सुगीचा सण. चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. एरवी ती आपली भाद्रपदातली पौर्णिमा असते, पण २०२५ मध्ये त्यांच्याकडे अधिक महिना आला आणि चुसोक ६ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका कोजागिरीला पडला. त्याला जोडून ३ तारखेचा राष्ट्रस्थापना दिन, रविवारच्या बदल्यात मिळालेली ८ तारखेची सुट्टी आणि ९ तारखेचा हंगुल दिन, म्हणजे कोरियन लिपीचा दिवस. सलग सात दिवस सगळा देश मोकळा. आई सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आली होती. आम्ही मालवणचे. जेजूच्या हेन्यो, म्हणजे हवेची नळकांडी न घेता समुद्रात बुडी मारून शिंपले आणि समुद्री शेवाळ काढणाऱ्या बायका, तिने टीव्हीवर पाहिल्या होत्या. त्यांच्या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली आहे. त्यातल्या कितीतरी जणी सत्तरी ओलांडलेल्या. आईचं एकच म्हणणं होतं, त्यांना डोळ्यांनी बघायचं आणि कोजागिरीचं दूध त्या समुद्राकाठी प्यायचं. राहण्याचा खर्च मी करते म्हणाली. भिशीचे तीस हजार तिने त्यासाठीच आणले होते.

विमानाची तिकिटं मी उन्हाळ्यातच काढली होती. राहण्याच्या जागेचं मात्र मागे पडलं, आणि सप्टेंबरच्या मध्यावर शोधायला बसले तेव्हा जेजूत परवडेल असं काहीच उरलं नव्हतं. उरलेल्या खोल्यांचे दर नेहमीच्या अडीच-तीन पट. अशा वेळी इथले लोक 'यांगदो' शोधतात. ज्यांना बुकिंग रद्द करून पैसे परत मिळणार नाहीत, ते आपलं बुकिंग सेकंडहँड वस्तूंच्या साइटवर थोड्या कमी किमतीत दुसऱ्याच्या नावावर करून देतात. हा प्रकार खरा आहे, सर्रास चालतो, आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी असंच बुकिंग घेऊन आरामात सुट्टी घालवली होती. त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मला सापडलेली जाहिरात जेजूतल्या सोग्विपोजवळच्या एका पेन्शनची होती. घरगुती लॉजला इथे पेन्शन म्हणतात. निळ्या पडद्यांची मोठी खिडकी, खाली काळ्या खडकांचा किनारा. चार रात्रींचे मूळ ७ लाख २० हजार वॉन, मागत होते ४ लाख ८० हजार. कारण दिलं होतं की मुलाला न्यूमोनिया झालाय, प्रवास शक्य नाही. मी लिहिल्यावर पाच मिनिटांत उत्तर आलं, अगदी अदबीचं. मी परदेशी आहे हे कळल्यावर समोरची व्यक्ती सोप्या कोरियनमध्ये लिहायला लागली. बुकिंगचा स्क्रीनशॉट पाठवला. न मागता ओळखपत्राचा फोटो पाठवला, त्यावरचा अर्धा क्रमांक झाकलेला. पेन्शन नकाशावर होतं, लोकांचे अभिप्राय होते, फोटो जुळत होते. बोलणं साइटवरून काकाओटॉक या इथल्या मेसेजिंग ॲपवर कधी सरकलं ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तरी मी म्हटलं की थेट खात्यात पैसे पाठवणार नाही, 'आनजॉन ग्योलजे' करू. याचा अर्थ सुरक्षित पेमेंट. खरेदीदाराचे पैसे मध्यस्थ कंपनीकडे राहतात, वस्तू मिळाल्याचं आपण कळवलं की मगच विकणाऱ्याला जातात. समोरून लगेच होकार आला, "हो, मलाही तेच बरं वाटतं." आणि एक लिंक आली.

ते पान मी रोज वापरते त्या पेमेंट सेवेसारखंच होतं. तोच रंग, तीच अक्षरं, वर पेन्शनचा तोच फोटो, खाली रक्कम. मी तिथे माझं नाव आणि पासवर्ड घालून आत गेले. पैसे भरण्यासाठी एक तात्पुरता खाते क्रमांक दिसला. खऱ्या व्यवहारातही असा क्रमांक मिळतो, म्हणून तेही ओळखीचं वाटलं. बँकेच्या ॲपमध्ये क्रमांक घातला की इथे पैसे सुटण्याआधी खातेदाराचं नाव दाखवतात. तिथे कंपनीचं नाव यायला हवं होतं. आलं एका माणसाचं, आणि तेही ओळखपत्रावरच्या नावाहून वेगळं. मी विचारलं. उत्तर आलं, "ते पेमेंट कंपनीच्या हिशेब विभागातल्या अधिकाऱ्याचं नाव आहे." मी ते मानलं. या एका क्षणाकडे मी पुन्हा पुन्हा परत जाते. ॲपने मला खरं काय ते दाखवलं होतं, मी विचारलंसुद्धा होतं, आणि ज्याच्याबद्दल शंका होती त्याचंच उत्तर घेऊन गप्प बसले.

रात्री साडेदहाला ४ लाख ८० हजार पाठवले. दोन मिनिटांत निरोप आला की १,००० वॉनची फी धरली नाही, त्यामुळे सिस्टिमने पैसे जुळवून घेतले नाहीत. फीसकट पूर्ण रक्कम पुन्हा पाठवा, आधीची आपोआप परत येईल. त्या पानावरही लाल अक्षरांत तेच उमटलं होतं. मी ४ लाख ८१ हजार पाठवले. माणसाने एकदा पैसे अडकवले की ते सोडवण्यासाठी तो जे करतो ते एरवी कधीच करणार नाही. हा फी राहिल्याचा डाव कोरियात इतका जुना आहे की दुसऱ्या दिवशी माझा विद्यार्थी ऐकता ऐकता पुढचं वाक्य माझ्या आधी बोलला.

मग तिसरा निरोप आला. परतावा दहा लाखांच्या वरच निघतो, अजून पाच लाख भरा, सगळे एकत्र परत येतील. मी भरायला गेले आणि ॲपने नकार दिला. रोजच्या खर्चासाठी काढलेलं ते माझं दुसरं खातं, त्यावर बँकेने दिवसाला १० लाख वॉनची मर्यादा घातलेली होती. पगाराचं खातं वेगळ्या बँकेत, आणि त्याचं ओटीपी यंत्र विद्यापीठातल्या खणात. मी तसं कळवलं. उत्तर आलं, "बारा वाजता मर्यादा नव्याने सुरू होईल. मी जागा आहे, थांबतो."

अकरा वाजून गेले होते. आई अंथरुणावर बसून बघत होती. तिला कोरियन येत नाही, साइट माहीत नाही. तिने एवढंच विचारलं, "अगो, एकाच खोलीचे पैसे दोनदोनदा कित्याक?"

मी समजावून सांगायला लागले, फी, सिस्टिम, परतावा. मराठीत सांगताना ते माझं मलाच ऐकू आलं, आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत हातपाय गार पडले. दुकानदार हजार कमी पडले म्हणून पाच लाख नव्याने मागतो का? मी लिंक पुन्हा उघडून पत्ता अक्षर-अक्षर वाचला. सेवेचं नाव त्यात होतं, पण पुढे एक जास्तीची आडवी रेघ आणि भलतेच शब्द. मग 'द चीट' नावाच्या साइटवर तो खाते क्रमांक घातला. फसवलेले लोक तिथे खाते आणि फोन क्रमांक नोंदवतात, २००६ पासून ती साइट चालते. त्या क्रमांकावर त्याच दिवशीच्या तीन तक्रारी होत्या. ही साइट मला माहीत होती. पैसे पाठवण्याआधी बघितली नव्हती.

बँकेला फोन केला. इथे मला जे कळलं ते बहुतेक परदेशी लोकांना माहीत नसतं. फोनवरून पोलीस किंवा बँक असल्याची बतावणी करून पैसे उकळले, तर कोरियातल्या कायद्याने बँक समोरचं खातं तडकाफडकी गोठवू शकते. पण वस्तू किंवा सेवा विकण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक त्या कायद्यातून वगळली आहे. फोनवरच्या बाईने दोनदा माफी मागितली आणि पोलिसांकडे जायला सांगितलं. पैसे कुठे आहेत ते दिसतंय, हात मात्र लावता येत नाही, अशी ती रात्र होती. बारा वाजून एक मिनिटाने काकाओवर निरोप आला, "आता पाठवा." मी उत्तर दिलं नाही. पासवर्ड त्याच पानावर दिला होता, तो आधी बदलला. तो पासवर्ड आणखी दोन ठिकाणी होता, तिथेही बदलला. आई माझ्या शेजारी येऊन बसली, एक शब्दही बोलली नाही.

सकाळी विद्यार्थी सोबत आला. आधी त्याने त्या पेन्शनला फोन लावला. मालकीण म्हणाली, असं कुठलंही बुकिंग नाही, आणि याच आठवड्यात असा हा दुसरा फोन. म्हणजे एका फोनमध्ये सगळं उघड झालं असतं. फोनवर कोरियन बोलायची मला भीती वाटते, म्हणून मी तो केला नव्हता. तुम्हालाही वाटत असेल, तर १३३० ही पर्यटकांसाठीची मदतवाहिनी आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं आणि तिथले लोक दुभाष्याचं काम करतात. यांगदो घेताना जागेच्या मालकाला विचारायचे प्रश्न दोनच. या नावाने बुकिंग आहे का, आणि ते माझ्या नावावर करून देता का. मालक हो म्हणाला आणि नाव बदललं, मगच पैशाचं बोलायचं.

पोलिसांनी नीट वागवलं. तक्रार आधी ऑनलाइन भरता येते, पण ओळख पटवताना परदेशी रहिवासी कार्डावरचं माझं नाव आणि फोन कंपनीकडचं नाव जुळेना, म्हणून सगळं चौकीतच लिहिलं. जाताना बँकेकडून 'इछे ह्वागिन्जंग', म्हणजे पैसे पाठवल्याचा दाखला, घेऊन जा. सगळं संभाषण, लिंक, जाहिरात यांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. समोरचा चॅटमधून निघून गेला आणि जाहिरात पुसली की हातात काहीच राहत नाही. माझी जाहिरात सकाळी आठलाच गायब होती. तपास अधिकाऱ्याने सांगितलं की खातं बहुधा 'तेफो थोंगजांग' असणार, म्हणजे दुसऱ्याच्या नावावरचं, विकत किंवा भाड्याने घेतलेलं. खटला उभा राहिला तर त्याच फौजदारी न्यायालयात भरपाईचा अर्ज करता येतो, त्यासाठी वेगळा दावा लागत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

आणखी एक गोष्ट. पोलिसांच्या संकेतस्थळावरही फोन आणि खाते क्रमांक तपासता येतो, पण तिथे गेल्या तीन महिन्यांत तीन किंवा जास्त तक्रारी झालेलेच क्रमांक दिसतात. खातं ताजं असेल तर उत्तर 'काही नोंद नाही' असं येईल. त्याचा अर्थ माणूस भला आहे असा घेऊ नका. सुरक्षित पेमेंट करायचं तर ते साइटच्या ॲपमध्ये तुम्ही स्वतः सुरू करा. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून कधीही नाही.

मी इतकी गाफील कशी राहिले, यावर खूप विचार केला. या देशात कॉफीच्या दुकानात लॅपटॉप टेबलावर सोडून लोक जेवायला जातात. माझं पाकीट बसमध्ये राहिलं होतं, ते पैशांसकट परत आलं. दाराबाहेर पार्सल दोन दिवस पडून राहतं. या रोजच्या प्रामाणिकपणाची सवय होते आणि आपण तो फोनच्या पडद्यावरच्या माणसालाही देऊन टाकतो. गावात आई कधी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देत नाही. मीही दिले नसते.

जेजू राहिलं. तिकिटं रद्द केली, थोडे पैसे परत आले. ६ तारखेला घरातच दूध आटवलं, केशर आईने आणलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी बसने ग्योंगजूला गेलो. त्या महिन्याच्या शेवटी तिथे एपेकची, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक सहकार्य गटाची, परिषद होती, त्यामुळे गावभर रंगरंगोटी चाललेली. सिल्ला या जुन्या राज्याच्या राजांच्या हिरव्यागार गवताच्या टेकड्यांसारख्या समाध्यांमधून आई बराच वेळ चालली. भिशीच्या पैशांबद्दल ती तेव्हाही काही बोलली नाही आणि नंतरही नाही. ते मी तिच्या खात्यात परत भरले, तेव्हा मात्र रागावली.

डिसेंबरमध्ये पोलिसांचा संदेश आला की खातेदार राहतो त्या भागातल्या चौकीकडे प्रकरण वर्ग केलं आहे, तिथे बाकीच्या तक्रारी एकत्र केल्यात. त्यानंतर अजून काही कळलेलं नाही. आणि २०२६ च्या सोल्लालच्या, म्हणजे १७ फेब्रुवारीला आलेल्या इथल्या चांद्र नववर्षाच्या, तीन आठवडे आधी मला दुसऱ्या एका साइटवर तीच खिडकी दिसली. तेच निळे पडदे, तोच काळा किनारा. या वेळी आजारी मुलगा नव्हता, सासू होती. किंमत ५ लाख १० हजार. मी त्या साइटला कळवलं, माझ्या तक्रारीचा क्रमांक जोडला. संध्याकाळपर्यंत जाहिरात निघाली. तोवर तिच्याखाली अकरा जणांनी 'अजून आहे का?' असं विचारलेलं होतं.