अ‍ॅम्प्लिफायर ‘सायलेंट गार’ करून देणाऱ्यापासून सावध रहा, आमचे ३,८०० गेले

पुण्यात कुणी घरी येऊन अ‍ॅम्पला आवाज न करणारा पंखा बसवून देतो म्हणाला तर आधी हे वाचा प्लीज.

बाबांचा जुना स्टीरिओ अ‍ॅम्प आहे. एप्रिलमध्ये पारा चाळीशीला टेकला की तासाभरात तापून प्रोटेक्टवर (जळू नये म्हणून स्वतःच बंद होण्याची सोय) जायचा आणि आवाज बंद. बाबा रोज संध्याकाळी भीमसेनजी लावतात, सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो तेव्हा मागे पंख्याची घरघर आली तर सगळं गेलंच, म्हणून पंखा हवा पण आवाज नको एवढीच आमची अट. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड, बाबांना काका काका करत तासभर बसला, मागच्या बाजूला छोटासा पंखा लावला, इंपोर्टेड आहे म्हणाला. आणि खरंच आवाज शून्य, अ‍ॅम्प तीन तास चालला तरी बंद पडला नाही. "बघा काका, आता ट्रिप होतच नाही." ३,८०० लगेच स्कॅन करून दिले, बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला ते आजतागायत आलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात खोलीत जळका वास. वरच्या जाळीला हात लावला तर दोन सेकंद पण ठेववेना आणि तरी अ‍ॅम्प चालूच! पोटात गोळा आला हो. प्लग काढला, दुसऱ्या दिवशी रिक्षात मांडीवर घेऊन बुधवार पेठेत एका जुन्या कारागिराकडे गेलो.

त्यांनी झाकण उघडून मला जवळ बोलावलं. हीटसिंकवर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, तापमान ओळखणारा थर्मिस्टर असतो, त्याच्या दोन्ही वायरी कापलेल्या आणि त्याजागी तापमान न ओळखणारा साधा रेझिस्टर सोल्डर केलेला, म्हणजे आत भट्टी पेटली तरी प्रोटेक्शन जागं होणारच नाही. मग त्यांनी पंख्यावरचं चकचकीत १२ व्होल्टचं स्टिकर नखाने उचकटलं, खाली मळकट जुनं लेबल, २४ व्होल्ट! कुठल्यातरी जुन्या मशीनमधून काढलेला. २४ चा पंखा १२ वर रेंगाळत फिरतो म्हणून आवाज नाही, आणि हवाही नाही. आता तर तेल सुकून तोही थांबलेला, बोटाने ढकलला की दोन चकरा मारून परत गप्प.

नशीब ट्रान्झिस्टर वाचले, ते शॉर्ट झाले तर डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) सरळ स्पीकरमध्ये जाऊन वूफरची कॉइल जळू शकते.

खरं कारण वेगळंच होतं. आम्ही ए आणि बी दोन्ही स्पीकर जोड्या एकदम चालू ठेवायचो, ८ ओहमच्या दोन जोड्या पॅरलल म्हणजे अ‍ॅम्पला ४ ओहमचा लोड, करंट दुप्पट, तापणारच की. वर बंद टीव्ही युनिट आणि डोक्यावर सेट टॉप बॉक्स. कारागिरांनी नवीन थर्मिस्टर टाकला, धूळ झाडली आणि १२० एमएमचा १२ व्होल्टचा पंखा साडेसात व्होल्टच्या अडॅप्टरवर, जाळीच्या वर रबरी पायांवर, गरम हवा वर ओढेल असा ठेवायला दिला. मोठी पाती सावकाश फिरली तरी हवा पुरते, छोट्याला तेवढ्याच हवेसाठी जोरात पळावं लागतं मग शिट्टी वाजते. स्वस्तातला स्पीड रेग्युलेटर लावू नका म्हणाले, त्याची किणकिण स्पीकरमध्ये उतरू शकते. सगळं मिळून ९५०, बिलासकट. अ‍ॅम्प आता उघड्या शेल्फवर आहे.

कुणी पंखा बसवला तर त्याच्यासमोरच टिश्यू पेपर धरून बघा, हलला पाहिजे. झाकण उघडलं तर आधी आणि नंतर फोटो काढा, काढलेला पार्ट हातात मागा. आणि "आता बंदच पडत नाही" असं कुणी सांगितलं तर आत नेमकं काय केलं ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिलीये, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही लेबलांचे फोटो जवळ आहेत. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना हे नक्की वाचून दाखवा, कारण यायच्या आधी फोनवर त्याने मला पहिला प्रश्न अ‍ॅम्पचा नाही, दुपारी घरी कोण असतं हा विचारला होता.