बोलणारा डबा: कोकणातल्या दुकानदाराने घ्यावा का?

पैसे आल्याचं मराठीत ओरडून सांगणारा साउंडबॉक्स आता हर्णैच्या मासळी बाजारापासून मालवणच्या खानावळीपर्यंत दिसतो. भाडं महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये, आत स्वतःचं सिमकार्ड. खोटा स्क्रीनशॉट दाखवून पापलेट नेणाऱ्याला तो चोख अडवतो: डबा बोलला नाही तर माल द्यायचा नाही. रात्रीत कुणी तुमच्या क्यूआरवर स्वतःचा स्टिकर चिकटवला, तर पहिल्याच गिऱ्हाइकाला डबा गप्प राहतो आणि लबाडी उघडी पडते. रेंज नसलेल्या खोलगट गावांत मात्र आवाज उशिरा येतो आणि लिलावाच्या गलक्यात तो ऐकूच जात नाही. तिथे आपल्या ॲपमधला बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, पाहिल्याशिवाय टोपली उचलू देऊ नये.

आलेला पैसा कुणाचा, हे मात्र डबा सांगत नाही, आणि खरी जोखीम तिथेच आहे.

रोकड कमी झाली म्हणून काळा धंदा थांबत नाही. 2016 च्या नोटाबंदीत रद्द झालेल्या 500 आणि 1000 च्या नोटांपैकी 99 टक्क्यांहून जास्त बँकांत परत आल्या. आज ऑनलाइन फसवणुकीतला पैसा आधी भाड्याच्या खात्यात उतरतो. थोड्या कमिशनसाठी गरजू पोरं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देतात. तिथून तो अनेक खात्यांत फुटतो. शेवटी त्याची रोकड किंवा माल करावाच लागतो आणि त्यासाठी चोराला चालतं दुकान लागतं.

मे महिन्यात आणि नाताळात गणपतीपुळे, तारकर्लीकडे एटीएममधली रोकड संपते. ‘वीस हजार स्कॅन करतो, रोख द्या, वर पाचशे तुम्हाला’ असं म्हणणारा प्रत्येक जण चोर नसतो, पण चोरही हेच म्हणतो. नाही म्हणावं. आपला क्यूआर दुसऱ्याच्या धंद्याला वापरू देणंही तितकंच वाईट. गोव्याहून विनापरवाना दारू आणणाऱ्याला स्वतःच्या नावावर नोंद नको असते. तुमच्या टपरीवर पैसे उतरले की नोंद तुमच्या नावावर होते.

फसलेला माणूस 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग लागतो आणि साखळीतलं तुमचं खातं गोठतं. तक्रार कुठल्याही राज्यातली असू शकते. अशा वेळी साउंडबॉक्सवाल्यांना फोन करण्यात दिवस घालवू नका, त्यांच्या हातात काही नसतं. शाखेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली नेमकी रक्कम लेखी घ्या. त्या व्यवहाराचं बिल, यूटीआर आणि खातेउतारा तपास अधिकाऱ्याला पाठवा. सगळं खातं न गोठवता तेवढीच रक्कम रोखावी, असा अर्ज सोबत जोडा. बिल नसेल तर इथेच गाडी अडते. म्हणून आंब्याच्या पाच पेट्या दिल्या तरी पावतीवर नाव, नग आणि दर लिहा.

डबा घ्यावा, भाडं वसूल होतं. फक्त तो घरखर्चाच्या बचत खात्याला जोडू नये. धंद्याचं चालू खातं वेगळं काढावं आणि बर्फ, डिझेल, खलाशांचा पगार यांचे पैसे दर दोन दिवसांनी दुसऱ्या खात्यात वळवावेत. समुद्रालगत खाऱ्या हवेत चार्जिंगचं तोंड गंजतं. रात्री डबा पुसून घरी न्यावा.